गड्ड्याला पाहुणे आले की चीजचं काय काय करावं

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, लागली की सोलापुरातलं घर भरलेलं असतं. ६८ लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं होमप्रदीपन, मग शोभेचं दारूकाम. या दिवसांत नणंदा, भाचरं, जावई, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली मुलं, सगळी येतात. पण एका वेळी येत नाहीत. कुणी नंदीध्वजांची मिरवणूक बघून भर दुपारी येतं, कुणी दारूकामाला जायच्या आधी संध्याकाळी टेकतं. जेवायला बसा म्हटलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: "वैनी, जेवण नको, तोंडात टाकायला काहीतरी द्या."

हे "काहीतरी" काय असावं यावर मी बराच विचार केला आहे. चिवडा, शेंगापोळी, तिळगूळ हे तर डब्यात असतंच. पण शहरातून आलेल्या मुलांना चीज हवं असतं आणि मोठ्यांनाही ते आवडतं, हे मी बघितलंय. बाजारातून गोठवलेले चीज नगेट्स आणून तळणं मला पटत नाही. आपल्या गावात एवढं असताना पाहुण्यांना कुठंही मिळणारी वस्तू का द्यावी? चीज म्हणजे मुळात मीठ आणि स्निग्धपणा. त्याला सोबत लागते ती काहीतरी कुरकुरीत, काहीतरी आंबट आणि काहीतरी झणझणीत वस्तूची. कुरकुरीतला आपली कडक भाकरी, आंबट-गोडाला डाळिंब, झणझणीतला शेंगा चटणी. तिन्ही गोष्टी सोलापूरच्या माणसाला दारात मिळतात, आणि बाहेरून आलेल्याला तिन्हींचं अप्रूप असतं.

दुसरी गोष्ट मी कटाक्षानं पाळते. पाहुणे घरात असताना मी गॅसपाशी उभी राहत नाही. नणंदा वर्षातून एकदा येतात, त्यांच्याशी बोलायचं सोडून कढईसमोर घाम गाळायचा, हे मला मान्य नाही. त्यामुळं खाली जे सांगतेय त्यातलं बहुतेक आदल्या दिवशी किंवा सकाळी होतं. ऐन वेळी गॅस लागतो तो दोनच पदार्थांना, आणि तोही थोडाच वेळ.

आधी चीज नीट निवडा

दुकानात चीज म्हणून बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. तो कळला की पदार्थ बिघडत नाही.

क्यूब, ब्लॉक किंवा स्लाइस म्हणून मिळतं ते प्रोसेस्ड चीज. साधं चीज वितळवून, त्यात इमल्सिफायर म्हणून काही क्षार घालून ते पुन्हा साच्यात घालतात. या क्षारांमुळं तापवल्यावर त्याचं तेल सुटत नाही, ते मऊ आणि एकसारखं होतं, पण तार धरत नाही. गार झाल्यावरही चव फार बदलत नाही, म्हणून बैठकीत तासभर ठेवायच्या ताटलीला हेच चांगलं.

मोझरेला गरम असताना सुंदर ताणलं जातं. पण गार झालं की चिवट होतं. पाहुणे बोलत बोलत सावकाश खातात, म्हणून मोझरेला मी पाहुण्यांच्या ताटलीत वापरत नाही. मुलांना समोर बसवून गरमागरम काही करून द्यायचं असेल तेव्हा ते काढावं.

पनीर वितळतच नाही. दूध लिंबानं किंवा व्हिनेगरनं गरम असतानाच फाडलेलं असल्यामुळं त्याची घडण अशी होते की तव्यावर टाकलं तरी ते आपला आकार सोडत नाही. म्हणून भाजायला, टोचायला, तुकडे करून ठेवायला पनीर. आणि चौथा आपला चक्का. श्रीखंडासाठी दही टांगतो तोच. मीठ-मिरी घातलेला चक्का हा मऊ चीजचा सख्खा भाऊ आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही.

पाकिटावर दोन गोष्टी वाचाच. एक, हिरवा ठिपका. चीज घट्ट करायला रेनेट लागतं आणि पूर्वापार ते वासराच्या पोटातून काढत. आता सूक्ष्मजीवांपासून केलेलंही मिळतं आणि हिरवा ठिपका असला की त्यात प्राण्याचं रेनेट नाही असं समजायचं. आमच्याकडं अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धेश्वराच्या यात्रेत हे विचारल्याशिवाय ताटलीला हात लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दुसरी गोष्ट, घटकांच्या यादीत खाद्यतेल किंवा पामतेल लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर ते नुसत्या दुधाचं चीज नव्हे. स्वस्तात मिळालं म्हणून आनंद मानू नका, तोंडात ते मेणचट लागतं.

ब्लॉक किसायचा असेल तर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, किसणीला चिकटत नाही. पनीर मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका, ते भुसभुशीत होतं.

कडक भाकरीवर चक्का आणि शेंगा चटणी

हा माझा पहिला आणि सगळ्यांत लाडका पदार्थ. याला गॅस लागत नाही, भांडी लागत नाहीत आणि सोलापूरचं म्हणून पाहुण्याला जे द्यावंसं वाटतं ते सगळं एका घासात येतं.

कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ भाकरी भाजून, मग पुरती वाळवून कुरकुरीत केलेली. बाजरीचीही मिळते, पण चीजला ज्वारीची चांगली, कारण तिची चव सौम्य आणि किंचित गोडसर असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या काळ्या, खोल जमिनीतली ज्वारी पांढरीशुभ्र आणि चवीला गोड, तिची भाकरी कडक केल्यावरही घशाला टोचत नाही. बचत गटाच्या बायका करतात त्या भाकऱ्या घ्या. पाकिटातून हातात घेऊन उजेडासमोर धरा, मधूनच जाड वाटली तर ठेवून द्या. जाड भाकरीचा तुकडा चावताना अर्धा मोडतो आणि वरचा चक्का साडीवर पडतो.

बारा माणसांसाठी साहित्य असं: चार मोठ्या कडक भाकऱ्या, एक किलो गोड घट्ट दही, चार चीज क्यूब, पाऊण वाटी शेंगा चटणी, दोन चमचे लोणी, मिरपूड, मूठभर कोथिंबीर आणि थोडे डाळिंबाचे दाणे.

आदल्या रात्री दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून टांगा. सोलापुरात जानेवारीतली रात्र थंड असते, तरीही मी फडक्याची पुरचुंडी चाळणीत ठेवून चाळण पातेल्यावर, आणि ते सगळं फ्रिजमध्ये ठेवते. बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं आणि आंबट चक्का चीजशी भांडतो. किलोभर दह्याचा साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅम चक्का निघतो. सकाळी तो चमच्यानं फेटा, त्यात किसलेलं चीज, भरड मिरपूड आणि कोथिंबीर घाला. मीठ आधी घालू नका. चीजमध्ये भरपूर मीठ असतं, चटणीतही असतं. चाखून बघा, बहुतेक वेळा लागतच नाही. झाकून पुन्हा फ्रिजमध्ये.

भाकरी तोडताना सुरी वापरू नका. हातानं, दोन बोटं रुंद असे तुकडे करा. वेडेवाकडे होऊ द्यात, त्यातच तिची शोभा आहे. तुकडे डब्यात घट्ट बंद करून ठेवा.

आता खरी काळजीची जागा. कडक भाकरी पाणी शोषून घेते. चक्का लावून ठेवली की थोड्याच वेळात ती मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या कडक भाकरीत काही राम नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला, तुकड्यावर आधी लोण्याचा अगदी पातळ हात फिरवा. स्निग्ध थरामुळं चक्क्यातलं पाणी भाकरीत लगेच उतरत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: सगळं वेगवेगळं मांडा. मध्ये चक्क्याचा वाडगा, एका बाजूला शेंगा चटणी, एका बाजूला डाळिंबाचे दाणे आणि भोवती भाकरीचे तुकडे. प्रत्येकानं आपापलं लावून घ्यायचं. यानं गप्पा वाढतात. पहिल्यांदा आलेल्या जावयाला कसं खायचं ते शिकवण्यात भाचरांना फार मजा येते.

शेंगा चटणी शक्यतो घरची करा. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सोलून घ्या. त्यात आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून उखळात कुटा. मिक्सर वापरायचाच असेल तर थांबत थांबत फिरवा, पीठ होऊ देऊ नका. शेंगदाण्याला तेल सुटून चटणी हातात घेतल्यावर गोळा धरू लागली की झाली. सोलापुरी चटणीची ओळख हीच, ती कोरडी भुकटी नसते. चक्क्यावर ती चिमूटभरच घालायची. चक्क्याचा गारवा आणि चटणीचा जाळ एकाच वेळी जिभेवर आला पाहिजे.

जाऊबाईंची मोठी सून जैन घरातली आहे. तिच्यासाठी मी लसूण न घालता, थोडं जास्त जिरं आणि किंचित आमचूर घालून वेगळी वाटी करते आणि त्या वाटीत वेगळा चमचा ठेवते. पाहुण्याला विचारावं लागू नये, त्याच्यासाठीचं आधीच ताटात असावं.

घरचं पनीर आणि डाळिंबाचा आटवलेला रस

सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा इथंच, शहराला लागून केगावला आहे. पण पाहुणे आले की आपण दाणे सोलून वाटीत देतो आणि थांबतो. रस आटवून बघा. दाट, गडद लाल, आंबटगोड असा तो होतो आणि पनीरवर ओतला की ताटली बघणारा विचारतोच की हे काय आहे.

भगवा जातीची चार मध्यम डाळिंबं घ्या. दाणे मिक्सरमध्ये नुसते दोन-तीनदा झटका देऊन फिरवा. जास्त फिरवले तर आतल्या बिया चिरडतात आणि रस कडवट होतो. गाळून दोन कप रस निघेल. तो स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात घाला. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस त्यात नासतो. दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर अर्धा तास तरी आटू द्या. चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की लगेच बंद करा. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, पातेल्यातच घट्ट होईपर्यंत थांबलात तर बाटलीतून निघणार नाही. हे काम चार दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं.

पनीर आदल्या दिवशी करा. म्हशीचं दोन लिटर दूध घ्या, त्यातली साय काढू नका. दुधाला उकळी आली की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. चार मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून ठेवा आणि थोडा थोडा घालत हलक्या हातानं ढवळा. हिरवट पाणी वेगळं झालं की उरलेला रस घालू नका. लिंबू जास्त झालं की पनीर कडक आणि आंबट होतं, विकतच्यापेक्षा घरचं कडक का होतं याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. फडक्यात गाळा, वरून गार पाणी ओता, मग त्यात भरड कुटलेलं जिरं, मिरपूड, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि मीठ घालून फडक्यातच हातानं मिसळा. चौकोनी गुंडाळून वर पाट्याएवढं वजन अर्धा तास ठेवा. दोन लिटरचं साधारण चारशे ग्रॅम पनीर होतं. फ्रिजमध्ये तासभर गार केल्याशिवाय कापू नका, कडा तुटतात.

दुसऱ्या दिवशी एक इंचाचे तुकडे करा. पाहुणे यायच्या थोडं आधी तव्यावर चमचाभर तुपात दोन बाजूंनी सोनेरी करून घ्या किंवा तसेच ठेवा. मला तसेच आवडतात, कारण घरच्या ताज्या पनीरचा दुधाचा वास भाजल्यावर कमी होतो. ताटलीत मांडून वरून आटवलेला रस धारेनं सोडा, डाळिंबाचे दाणे आणि पुदिन्याची पानं टाका. प्रत्येक तुकड्याला टूथपिक टोचून ठेवा.

हुरड्याचे चीज आप्पे

यात्रेचे दिवस म्हणजे हुरड्याचे दिवस. शेतावर आगटी पेटवून कणसं भाजायची आणि गरम गरम तळहातावर चोळून खायची, त्याची सर कशालाच नाही. पण सगळ्या पाहुण्यांना शेतावर नेणं जमत नाही. तेव्हा लक्ष्मी मंडईतून सुटा हुरडा आणायचा. गुळभेंडी किंवा सुरती मिळाला तर उत्तम. दाणा हिरवा आणि बोटानं दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. पिवळट, टणक दाणा म्हणजे ज्वारी व्हायला लागली, तो चावत नाही.

दोन वाट्या हुरडा चमचाभर तुपात, झाकण ठेवून, मऊ होईपर्यंत परता. निम्मा खलबत्त्यात जरा ठेचा, निम्मा तसाच राहू द्या. त्यात दोन मध्यम उकडलेले बटाटे किसून, दोन हिरव्या मिरच्या आणि चार लसूण पाकळ्या ठेचून, जिरं, मीठ, कोथिंबीर आणि एक मोठा चमचा ज्वारीचं पीठ घाला. बटाटा किसूनच घ्यायचा, कुस्करला तर गुठळ्या राहतात आणि गोळा फुटतो. जैन पाहुण्यांसाठी बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं घ्या आणि लसूण वगळा.

तीन क्यूब घेऊन प्रत्येकाचे आठ तुकडे करा. लिंबाएवढा गोळा घेऊन मध्ये चीजचा तुकडा ठेवा आणि भेग न ठेवता बंद करा. वीसेक गोळे होतात. सकाळी करून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. गार गोळ्यातलं चीज उशिरा वितळतं, तोपर्यंत बाहेरचं कवच धरतं.

बहुतेकजण हे गोळे कढईत तळतील. तळायचे तर कॉर्नफ्लॉवरच्या पातळ घोळात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात दोनदा घोळवा, तेल चांगलं तापवा आणि एका वेळी चार-पाचच सोडा. तेल कमी तापलं असेल तर गोळा तेल पितो आणि फुटतो, आणि चीज तेलात उतरलं की ते उडतं, हात भाजतात. मी मात्र आप्पेपात्रच वापरते. आपल्या गावात ते घराघरांत असतं. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, मध्यम आच, झाकण ठेवून चार मिनिटं. मग उलटून, झाकण न ठेवता आणखी तीन. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि चीज सुटलंच तर त्या खळग्यातच कुरकुरीत होऊन चिकटतं. तो भाग मुलं भांडून खातात. गॅसपाशी उभं राहणं होतं ते एवढंच, तेही एखादी भाची हौसेनं करते.

हुरड्याचे दिवस संपले की याच कृतीत उकडलेला मका घालावा. चव बदलते, पण पदार्थ चांगलाच होतो.

घाईच्या वेळचे दोन

भावनगरी मिरच्या मध्ये चीर देऊन बिया काढा. शंभर ग्रॅम किसलेलं पनीर, एक किसलेला क्यूब, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट आणि थोडा लिंबाचा रस मिसळून आत भरा. आठ-दहा मिरच्यांना एवढं पुरतं. तव्यावर थोड्या तेलात, झाकण ठेवून, अधूनमधून फिरवत सात-आठ मिनिटं. चीर वरच्या बाजूला राहील असं बघा. मोठ्या माणसांना हा पदार्थ फार आवडतो, मुलं याला हात लावत नाहीत.

आणि अगदी अचानक कुणी आलं तर: चीजचा चौकोनी तुकडा, हिरवं द्राक्ष, पुदिन्याचं पान, टूथपिक. यात्रेच्या सुमारास द्राक्षं जरा महाग असतात, मग बेदाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून ते टोचा. खारट चीजला गोड बेदाणा छान लागतो. वरून चिमूटभर चाट मसाला चालेल, जास्त नको.

किती करायचं आणि कसं मांडायचं

जेवण व्हायचं असेल तर माणशी चार-पाच तुकडे पुरतात. नुसतं हेच असेल तर आठ तरी धरा. दोन गार आणि एक गरम, एवढे तीन पदार्थ पुरेसे आहेत. पाच केले की तुम्ही दमता आणि पाहुण्यालाही काय खाल्लं ते आठवत नाही.

क्रम असा ठेवा. आधी बैठकीत कडक भाकरीचं ताट ठेवा, ते खात सगळे स्थिरावतात. मग पनीर. गरम आप्पे शेवटी, चहाबरोबर. आप्पे आधी दिले तर भाकरीकडं कुणी बघत नाही.

यात्रेच्या दिवसांतही दुपारचं ऊन तिशीला टेकतं. पनीर आणि चक्का दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. सगळं एकदम न मांडता निम्मं फ्रिजमध्ये ठेवून लागेल तसं काढावं. दिवाळीतही हेच करा. उन्हाळ्यात, मे महिन्यात कुणी आलं तर तासाभराच्या वर नकोच, सोलापूरचा उन्हाळा दुधाच्या पदार्थाला माफी देत नाही.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. वीस माणसांच्या ताटल्या घासत बसायला पाणी कुठून आणायचं? म्हणून मी पळसाच्या पानाचे द्रोण आणते. हातानं उचलून खायचे पदार्थ, टूथपिक आणि द्रोण, एवढ्यात भागतं. मांडताना खाली घडी घातलेली सोलापुरी चादर अंथरा. लाल-काळी नक्षी आणि वर पांढरा चक्का, दुसरी सजावट लागत नाही.

उरलं तर

चक्का उरला तर दुसऱ्या दिवशी संपवा. ज्वारीच्या धपाट्याच्या पिठात घातला की धपाटे मऊ होतात. पनीर मिठाच्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, पाणी रोज बदलायचं. पनीरचं हिरवट पाणी फेकू नका, त्यात भोगीच्या बाजरीच्या भाकरीचं पीठ मळा किंवा आमटीत घाला. मिरची-पनीरचं सारण उरलं तर पोळीत गुंडाळून मुलांच्या डब्यात जातं. डाळिंबाचा आटवलेला रस बाटलीत भरून फ्रिजमध्ये महिनाभर राहतो. त्याचे दोन चमचे थंड पाण्यात, चिमूटभर काळं मीठ आणि जिरेपूड घालून ढवळले की उन्हातून आलेल्या माणसाला सरबत तयार. कडक भाकरीचे तुकडे पुन्हा मऊ वाटले तर गरम तव्यावर, गॅस बंद करून, पाच मिनिटं ठेवा आणि गार झाल्यावरच डबा बंद करा.